गळक्या झडपेची दुरुस्ती

घरांतील एखादी सून किंवा मुलगी चार पायऱ्या चढतांना मध्येंच थांबूं लागली, रात्रीं डोक्याखालीं एकाऐवजीं दोन उशा घेऊं लागली, किंवा पहाटे खोकल्यानें उठून बसूं लागली, तर आपल्या कुटुंबांत त्याचीं कारणें ठरलेलीं असतात. कोणी म्हणतें अशक्तपणा आहे, कोणी म्हणतें दमा आहे, आणि कोणी तोंडानें कांहीं न बोलतां मनांत ‘आळस’ असा शेरा मारून मोकळें होतें. अशक्तपणा व दमा हे विकार खरेच आहेत. परंतु या नांवांखालीं पुष्कळदां निराळीच गोष्ट दडलेली असते, आणि ती म्हणजे हृदयाच्या झडपेची गळती. ही गळती आज शस्त्रक्रियेनें बंद करतां येते, आणि अनेक रोग्यांत तर त्यांची स्वतःचीच झडप शिवून व सांवरून पुन्हां कामास लावतां येते. मात्र या दुरुस्तीस वेळेचें बंधन आहे, आणि तो वेळ बहुधा घरींच वायां जातो. म्हणून हा विषय घरांतील सर्व वडील व तरुण मंडळींनीं एकदां नीट समजून घ्यावा, अशी आमची इच्छा आहे.

हें लिहितांना आम्हीं डोळ्यांपुढें ठेवलें आहे तें परभणी जिल्ह्यांतील झरी हें गांव. परभणीहून जिंतुराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, काळ्या जमिनीच्या मुलखांत, कापूस, तूर, ज्वारी व अलीकडे सोयाबीन यांवर चालणारें हें गांव आहे. पुण्या-मुंबईच्या वाचकास मोठें इस्पितळ म्हणजे अर्ध्या तासाचा प्रवास वाटतो. झरीच्या माणसास प्रथम परभणी गांठावी लागते. तेथून छत्रपति संभाजीनगर रेल्वेनें पावणेदोनशें किलोमीटर, आणि मुंबई साडेपांचशें किलोमीटरांच्या आसपास पडते. शहरांत ज्या गोष्टी केवळ सोयी-गैरसोयीच्या वाटतात, त्या इतक्या अंतरावर जिवावर बेतूं शकतात. हृदयाची कोणती शस्त्रक्रिया कोणास मानवेल, याचा निर्णयहि या अंतरावर अवलंबून असतो, हें पुढें दिसून येईल.

झडपांचें काम

प्रौढ माणसाचें हृदय मिनिटाला सुमारें सत्तर वेळां, म्हणजे दिवसाला लाखभर वेळां आकुंचन पावतें, आणि शरीर स्वस्थ असतां मिनिटाला पांच लिटरच्या आसपास रक्त पुढें ढकलतें. दिवसाचा हिशेब केला तर तो सात हजार लिटरांवर जातो. या रक्तानें नेहमीं पुढेंच जावें, मागें फिरूं नये, एवढ्यासाठीं हृदयांत चार झडपा आहेत. झरीच्या शेतकऱ्यास ही गोष्ट समजावून सांगण्याची फारशी गरज नाहीं. विहिरींतल्या पाइपाच्या तळाशीं जो फूटव्हॉल्व्ह असतो तो गळूं लागला, कीं वर चढलेलें पाणी पुन्हां विहिरींत उतरतें आणि मोटर उगीच तापत राहते. गळक्या झडपेच्या हृदयाची अवस्था पुष्कळशी अशीच असते.

चार झडपांपैकीं डाव्या बाजूची मिट्रल झडप सर्वांत अधिक दाब सोसते, आणि आपल्या देशांत अधिक करून बिघडते ती हीच. ख्रिस्ती बिशपांच्या दोन टोकांच्या मुकुटासारखी तिची आकृति दिसते, म्हणून तिला हें नांव पडलें. फुप्फुसांतून शुद्ध होऊन आलेलें रक्त डाव्या बाजूच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत उतरतें तें या दारांतून. या दाराचे मुख्य भाग तीन. पहिल्या दोन पातळ पाकळ्या. दुसरी त्यांच्या भोंवतालची कडी, म्हणजे दाराची चौकट. आणि तिसऱ्या पाकळ्यांच्या कडांस बांधलेल्या बारीक पण चिवट दोऱ्या. या दोऱ्यांचीं दुसरीं टोकें खालच्या कप्प्याच्या स्नायूंस बांधलेलीं असतात. कप्पा आकुंचन पावला कीं पाकळ्या मिटतात, आणि त्या वरच्या बाजूस उलट्या पडूं नयेत म्हणून दोऱ्या त्यांस धरून ठेवतात. पाकळी आखडली, चौकट ताणली गेली, किंवा दोरी तुटली, तर दार पुरतें लागत नाहीं, आणि प्रत्येक ठोक्यास कांहीं रक्त उलट फुप्फुसांच्या दिशेनें परततें.

येथें हृदयाचा एक स्वभाव ध्यानांत ठेवला पाहिजे. गळती सुरू झाली म्हणून तें लगेच तक्रार करीत नाहीं. परतलेलें रक्त व नवें रक्त असा दुहेरी भार घेण्यासाठीं तें हळूहळू मोठें होतें, आणि कित्येक वर्षें माणसाचें बाहेरून सर्व सुरळीत चालतें. परंतु हृदय मोठें झालें कीं झडपेची चौकटहि ताणली जाते, पाकळ्या एकमेकींपासून आणखी दूर जातात, आणि गळती वाढते. गळतीनें हृदय वाढावें व वाढलेल्या हृदयानें गळती वाढावी, असा हा फेरा आहे.

गळती कशानें लागते

श्रीमंत देशांत ही गळती बहुतकरून उतारवयांत, पाकळ्या व दोऱ्या सैल पडल्यानें होते. आपल्याकडेहि वृद्धांत ती दिसते. कांहीं जणांस ती जन्मतः असते, कांहींस हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यावर लागते. परंतु खेड्यापाड्यांतील तरुण रोग्यांत तिचें मुख्य कारण म्हणजे लहानपणीं येऊन गेलेला संधिवातज्वर, ज्यास डॉक्टर ‘ऱ्हुमॅटिक फीव्हर’ म्हणतात. स्ट्रेप्टोकोकस जातीच्या जंतूंनीं मुलाचा घसा येतो. चार दिवसांत तो बराहि होतो. दोन-तीन आठवड्यांनीं ताप येतो, आज गुडघा तर उद्यां घोटा सुजतो, आणि मग तेंहि ओसरतें. बहुधा पांच ते पंधरा वर्षांच्या मुलामुलींस हा विकार होतो. सांध्यांवर त्याची खूण राहत नाहीं. परंतु जंतूंशीं लढण्यासाठीं शरीरानें जी शक्ति उभी केली, तीच चुकून हृदयाच्या झडपांवर उलटते, पाकळ्यांस सूज येते, आणि सूज ओसरतांना त्या जाड व आंखूड होतात. पुन्हां घसा आला, पुन्हां ताप आला, कीं इजेवर इजा होते. ज्या घरांत पुष्कळ माणसें थोड्या जागेंत राहतात व निजतात, तेथें घशाचे जंतु एका मुलाकडून दुसऱ्याकडे सहज जातात. एकत्र कुटुंबानें ही गोष्ट विशेष लक्षांत ठेवावी.

मुलगी मोठी होते, लग्न होऊन सासरीं जाते, आणि गरोदरपणांत प्रथमच तिला धाप लागते. त्या महिन्यांत शरीरांतील रक्ताचें प्रमाण जवळजवळ निम्म्यानें वाढतें; जें हृदय कसेंबसें भार ओढीत होतें, तें आतां मागें पडतें. घरांतील अनुभवी बायका म्हणतात, पहिलटकरणीस दम लागायचाच. तसा तो थोडासा लागतोहि. परंतु निजल्यावर दम लागणें, रात्रीं उठून बसावें लागणें, पायांवर सूज, छातींत धडधड, किंवा खोकल्यांतून रक्त पडणें, यांपैकीं कांहींहि आढळल्यास छातीस स्टेथॉस्कोप लावून घ्यावा, आणि डॉक्टरांनीं सांगितल्यास ‘इको’ नांवाची तपासणी करावी. ध्वनिलहरींनीं हृदयाचें चित्र दाखविणारी ही तपासणी वेदनारहित आहे. तिच्यांत सुई नाहीं कीं क्ष-किरण नाहींत. गळती आहे कीं नाहीं, किती आहे, आणि झडपेचा कोणता भाग बिघडला आहे, हें सर्व तिच्यांत दिसतें.

बोटापासून डोळ्यापर्यंत

हृदयास हात लावूं नये, असा शस्त्रवैद्यांचा जुना दंडक होता. तो मोडण्याचा एक धीट प्रयत्न १९२५ सालीं लंडन येथें हेन्री सूटर यांनीं केला. एका तरुण मुलीच्या धडधडत्या हृदयांत त्यांनीं आपलें बोट घातलें. मिट्रल झडप अरुंद झाली असेल व ती कापून मोकळी करावी लागेल, अशी त्यांची अटकळ होती. प्रत्यक्षांत त्यांच्या बोटावर आदळली ती मागें परतणाऱ्या रक्ताची धार. झडप मुख्यतः गळत होती, आणि ती कापली असती तर गळती वाढली असती. तेव्हां बोटानेंच ती किंचित् रुंद करून त्यांनीं हात काढून घेतला. मुलगी बरी होऊन घरीं गेली. परंतु इतर डॉक्टरांस हा प्रकार रुचला नाहीं, आणि सूटर यांच्याकडे असा दुसरा रोगी कोणी पाठविला नाहीं.

पुढें तेवीस वर्षांनीं, १० जून १९४८ रोजीं, फिलाडेल्फियाचे चार्ल्स बेली यांनीं हें काम पुन्हां हातीं घेतलें. त्यांचे पूर्वीचे रोगी दगावले होते, आणि त्या दिवशीं सकाळींहि एक दगावला. तरी त्याच दिवशीं दुसऱ्या इस्पितळांत त्यांनीं एका तरुणीची अरुंद झडप मोकळी केली व ती वांचली. त्याच महिन्यांत बॉस्टनचे ड्वाइट हार्केन यांसहि यश आलें. झरीच्या लोकांस १९४८ सालाची आठवण निराळ्या कारणानें आहे. त्या वर्षीं १७ सप्टेंबरला मराठवाडा निजामाच्या राजवटींतून मोकळा झाला. त्यानंतर थोड्याच वर्षांत मुंबईस परळच्या के. ई. एम्. रुग्णालयांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं अरुंद झडपा मोकळ्या करण्याचें हें काम सुरू केलें. तिकडे वेल्लोर येथें अमेरिकन शस्त्रवैद्य डॉ. रीव्ह बेट्स यांनीं १९४९ सालीं छातीच्या शस्त्रक्रियांचा विभाग स्थापन केला होता. डॉ. सेन व त्यांचे सहकारी डॉ. जी. बी. परुळकर यांच्या हाताखालीं मुंबईंत हृदयशस्त्रक्रियेची एक परंपराच तयार झाली. भारतांतील पहिलें हृदयारोपण १९६८ च्या फेब्रुवारींत सेन यांनींच केलें. रोगी कांहीं तासच जगला; परंतु आपल्या देशांतील डॉक्टर किती पुढचा विचार करीत होते हें त्यावरून दिसतें.

मात्र या सर्व काळांत एक अडचण शिल्लक होती. अरुंद झालेलें दार आंधळ्या बोटानें उघडतां येतें. गळकें दार न पाहतां नीट लावतां येत नाहीं. त्यासाठीं हृदय थांबवून, रिकामें करून, उघड्या डोळ्यांनीं पाहावें लागतें. ही सोय जॉन गिबन यांनीं करून दिली. ६ मे १९५३ रोजीं त्यांनीं आपल्या यंत्रावर एका मुलीचें रक्ताभिसरण चालू ठेवून तिच्या हृदयांतील छिद्र बुजविलें. हृदय व फुप्फुसें या दोहोंचें काम तितका वेळ यंत्रानें केलें. १९५७ सालीं मिनिआपोलिसचे वॉल्टन लिलेहाय यांनीं अशाच उघड्या हृदयांत मिट्रल झडपेची सैल चौकट टांक्यांनीं आवळून गळती थांबविली. तीन वर्षांनीं, १९६० सालीं, आल्बर्ट स्टार या शस्त्रवैद्यानें लोवेल एडवर्ड्स या इंजिनियराच्या साहाय्यानें पिंजऱ्यांत गोळी बसविलेली कृत्रिम झडप तयार केली. आतां बिघडलेली झडप काढून टाकून नवी बसविणें हेंच सोपें झालें, आणि दुरुस्तीची कला कांहीं काळ मागें पडली.

तिला पुन्हां पुढें आणण्याचें श्रेय मुख्यतः पॅरिसचे अलँ कार्पान्तिए यांस आहे. कृत्रिम झडपेवर रक्ताच्या गुठळ्या जमून रोग्यांस पक्षाघात होतो हें त्यांनीं पाहिलें होतें. १९६८ च्या सुमारास त्यांनीं झडपेच्या मूळ आकाराची कडी तयार करून ती चौकटीस शिवण्याची रीत काढली, आणि १९८३ सालीं आपली सारी पद्धति ‘फ्रेंच करेक्शन’ या नांवानें अमेरिकन शस्त्रवैद्यांपुढें मांडली. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंत डॉ. ए. संपतकुमार व त्यांच्या सहकाऱ्यांनीं संधिवातज्वरानें बिघडलेल्या झडपाहि मोठ्या संख्येनें दुरुस्त करून दाखविल्या. वार्धक्यानें सैल पडलेल्या झडपेपेक्षां या झडपांचें काम पुष्कळच कठीण असतें.

दुरुस्तींत काय करतात

रोग्यास भूल देऊन छातीचें मधलें हाड उभें कापतात, व रक्ताचा प्रवाह यंत्राकडे वळवितात. मग पोटॅशियमयुक्त थंड द्रव देऊन हृदय थांबवितात व डाव्या बाजूचा वरचा कप्पा उघडतात. प्रथम खालच्या कप्प्यांत खारें पाणी भरून झडप कोठें गळते तें पाहतात. त्यावरून काम ठरतें.

चौकट सैल असेल तर तिच्याभोंवतीं कडी शिवून ती मूळ मापावर आणतात. पाकळीचा कांहीं भाग लोंबत असेल तर तेवढा कापून कडा सांधतात. संधिवातज्वरानें पाकळी आखडली असेल, तर रोग्याच्याच हृदयाभोंवतालच्या आवरणाचा तुकडा घेऊन, औषधानें टिकाऊ करून, त्याचें ठिगळ लावतात व पाकळी रुंद करतात. तिच्यावर चढलेला जाड थर सोलून काढतात. दोरी तुटली असेल तर ‘गोरटेक्स’ नांवाच्या धाग्याची नवी दोरी बांधतात. आंखूड व ताठ झालेल्या दोऱ्या चिरून मोकळ्या करतात. पाकळ्यांचे कोपरे चिकटले असतील तर ते सोडवितात. कपडा रफू करणाऱ्या कारागिराप्रमाणें या कामास नजर व सबूरी लागते, आणि हातास वर्षानुवर्षांची संवय लागते.

शेवटीं पुन्हां पाणी भरून पाहतात. हृदय सुरू झाल्यावर अन्ननलिकेंतून घातलेल्या नळीनें इको करून खात्री करतात. गळती राहिली असेल तर तेथल्या तेथें पुन्हां काम करावें लागतें, किंवा झडप बदलावी लागते. म्हणून घरच्यांनीं संमतिपत्रावर सही करण्यापूर्वीं दोन गोष्टी अवश्य विचाराव्या: दुरुस्ती होण्याचा संभव किती आहे, आणि ती न जमल्यास कोणती झडप बसविणार. याच्या जोडीस, हे शस्त्रवैद्य झडपांची दुरुस्ती नेहमीं करतात काय, हेंहि विचारण्यांत संकोच नको. चांगला डॉक्टर अशा प्रश्नानें रागावत नाहीं.

उजव्या बाजूची त्रिदल झडप गळत असेल तर ती बहुधा दुरुस्तच करतात. १९७२ सालीं स्पेनमधील डे वेगा यांनीं सुचविलेली, केवळ टांक्यांनीं चौकट आवळण्याची कमी खर्चाची रीत आजहि उपयोगांत आहे. महाधमनीच्या तोंडाशीं असलेल्या झडपेची दुरुस्ती मात्र निवडक रोग्यांतच साधते. अति वृद्ध व नाजूक रोग्यांसाठीं, छाती न उघडतां मांडीच्या शिरेंतून जाऊन दोन पाकळ्यांस चिमटा लावण्याची युक्तीहि २००३ पासून निघाली आहे. परंतु संधिवातज्वरानें जाड झालेल्या तरुण झडपांस ती सहसा लागू पडत नाहीं.

जुनी सांभाळावी कीं नवी बसवावी

आतां झरीच्या अंतराचा प्रश्न येतो. कृत्रिम झडप दोन प्रकारची असते. पहिली धातूची, किंवा धातूसारख्या टिकाऊ द्रव्याची. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेंत डॉ. एम्. एस्. वलियाथन यांच्या मार्गदर्शनाखालीं तयार झालेली व १९९० च्या डिसेंबरांत प्रथम बसविलेली ‘चित्रा’ झडप याच जातीची. परदेशी झडपांहून ती स्वस्त असल्यानें आपल्याकडील असंख्य रोग्यांस तिचा आधार झाला. अशी झडप जन्मभर टिकूं शकते. परंतु तिच्यावर रक्त गोठूं नये म्हणून वॉरफॅरिनसारखें औषध रोज, न चुकतां, जन्मभर घ्यावें लागतें. मात्रा कमी पडली तर झडप अडकते किंवा गुठळी मेंदूंत जाते. अधिक झाली तर रक्तस्राव होतो. यासाठीं ‘आय. एन्. आर.’ ही रक्ततपासणी नियमानें करावी लागते. मेथी, पालक यांसारख्या पालेभाज्या अचानक फार वाढविल्या वा बंद केल्या तरी मात्रा बदलते; अंगदुखीवर दुकानांतून आणलेल्या साध्या गोळीनेंहि घोटाळा होऊं शकतो. आणि तरुण स्त्रीच्या बाबतींत सर्वांत मोठी गोष्ट ही कीं, गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत हें औषध गर्भास अपाय करूं शकतें, आणि तें बंद केल्यास आईच्या झडपेस धोका असतो. पुण्यांतील स्त्रीस हें सारें तज्ज्ञांच्या देखरेखीखालीं निभावतां येतें. झरीच्या स्त्रीस प्रत्येक तपासणीसाठीं बस पकडावी लागते, बरोबर घरचें माणूस न्यावें लागतें, आणि कापूस वेंचणीच्या दिवसांत तें माणूस मोकळें नसतें. औषध चुकतें तें अशाच दिवसांत.

दुसरा प्रकार प्राणिज झडपेचा. ती डुकराच्या झडपेपासून किंवा गाईबैलांच्या हृदयावरणापासून करतात. तिच्यासाठीं वॉरफॅरिन जन्मभर घ्यावें लागत नाहीं. परंतु तरुण शरीरांत ती दहा-पंधरा वर्षांत, कधीं त्यापूर्वींच, चुना सांठून ताठरते, आणि दुसरी शस्त्रक्रिया अटळ होते. आमच्या वाचकांपैकीं कित्येक घरांत या झडपेच्या उगमाविषयींहि मनाची अडचण उत्पन्न होईल. ज्याचा त्यानें आपला विवेक करावा. परंतु हा विचार शस्त्रक्रियेपूर्वींच डॉक्टरांशीं मोकळेपणें बोलावा, नंतर मनांत कुढूं नये. आणि जीव वांचविण्याचा दुसरा मार्ग नसेल तेव्हां वडील मंडळींनीं रोग्याच्या माथीं दोष लादूं नये, असें आम्हांस स्पष्टपणें म्हणावेंसें वाटतें.

या दोन्ही संकटांतून पुष्कळ अंशीं सोडवणूक करते ती दुरुस्ती. शिवलेल्या कडीवर कांहीं महिन्यांत स्वतःच्या शरीराचें आवरण चढतें, आणि हृदयाची लय नियमित असल्यास रक्त पातळ ठेवणारें औषध बहुधा तीनेक महिन्यांनीं थांबवितां येतें. मूळ दोऱ्या राखल्या गेल्यानें हृदयाची शक्तीहि अधिक टिकते, आणि जंतुसंसर्गाचें भय कमी असतें. वार्धक्यानें सैल पडलेल्या झडपेची दुरुस्ती तर, हात कसलेला असेल तर, दहा वर्षांनंतरहि दहांतील नऊ रोग्यांत टिकून राहते. संधिवातज्वराच्या झडपेची हमी इतकी देतां येत नाहीं. रोग आंतून चालूच राहिला तर कांहीं वर्षांनीं पुन्हां शस्त्रक्रिया लागूं शकते. पाकळ्या फारच जाड व चुन्यानें भरलेल्या असतील तर दुरुस्तीचा हट्ट धरणेंहि शहाणपणाचें नाहीं. तरीहि जिला अजून मुलें व्हावयाचीं आहेत, जिचें घर रक्ततपासणीच्या सोयीपासून दूर आहे, तिच्यासाठीं मिळालेलीं दहा-बारा मोकळीं वर्षें ही मोठी कमाई आहे. स्वतःची झडप राखतां येत असेल तर ती राखावी, ही गोष्ट झरीस शहराहून अधिक लागू पडते, ती या कारणानें.

वेळ कशी ओळखावी

थोडी गळती असलेल्या प्रत्येकास शस्त्रक्रिया लागत नाहीं. पुष्कळांस वर्षा-दोन वर्षांनीं इको करून लक्ष ठेवलें तरी पुरतें. परंतु गळती मोठी असेल तर ‘मला कांहीं होत नाहीं’ हें रोग्याचें म्हणणें प्रमाण मानूं नये. हृदय प्रत्येक ठोक्यास किती टक्के रक्त बाहेर टाकतें याचा एक आंकडा इकोच्या कागदावर असतो. गळक्या झडपेच्या रोग्यांत तो फसवा असतो, कारण बाहेर पडलेल्या रक्तांतलें कांहीं मागेंच गेलेलें असतें. म्हणून मिट्रल झडपेची गळती मोठी असतां हा आंकडा ६० टक्क्यांच्या खालीं आला, किंवा आकुंचनाच्या शेवटीं डाव्या खालच्या कप्प्याचें माप ४० मिलिमीटरांवर गेलें, तर थांबण्याचे दिवस संपले असें डॉक्टर समजतात. धाप लागूं लागली असेल तर त्यापूर्वींच. हृदय एकदां फार ताणलें गेलें, कीं पुढें झडप उत्तम शिवली तरी स्नायूची गेलेली ताकद पुरती परत येत नाहीं. इकोचे सारे कागद एका पिशवींत तारखेवार ठेवावे. मागचा व आतांचा आंकडा शेजारीं ठेवून पाहिल्यानें डॉक्टरांस जें कळतें तें एका कागदावरून कळत नाहीं.

घरानें काय करावें

पहिली गोष्ट घशाची. मुलाचा घसा ताप येऊन दुखत असेल, गळ्याच्या गांठी सुजल्या असतील, आणि खोकला-पडसें नसेल, तर हळद-मिठाच्या गुळण्यांवर न थांबतां डॉक्टरांस दाखवावें. घसा आल्यापासून नऊ दिवसांच्या आंत पेनिसिलिन सुरू झालें तरी संधिवातज्वर टाळतां येतो.

दुसरी गोष्ट, ज्या मुलास एकदां हा ज्वर येऊन गेला, त्यास बेंझाथीन पेनिसिलिनचें इंजेक्शन दर तीन आठवड्यांनीं, न चुकतां देत राहावें. हृदयास इजा झाली असेल तर हा क्रम चाळिशीपर्यंत, कधीं जन्मभर, चालवावा लागतो. झडप दुरुस्त झाल्यावरहि तो सुटत नाहीं. इंजेक्शन दुखतें म्हणून मुलें कांकूं करतात व माउलीचें मन द्रवतें. तरी येथें ढिलाई करूं नये. ज्या तारखेस इंजेक्शन द्यावयाचें ती तारीख घरांतल्या कालनिर्णयावर खूण करून ठेवावी, आणि तें काम घरांतील एका ठराविक माणसाकडे सोंपवावें. पेनिसिलिन सोसत नसेल तर डॉक्टर दुसरें औषध देतात.

तिसरी गोष्ट लग्नाची. मुलीच्या हृदयाचें दुखणें सोयरीक मोडेल या भीतीनें लपविलें, कीं सासरीं इंजेक्शनें बंद पडतात, इको होत नाहीं, आणि पहिल्या बाळंतपणांत गुपित उघडें पडतें तें अशा वेळीं कीं सर्वांचाच नाइलाज असतो. दुखणें सांगून जमलेलें लग्न, न सांगतां जमलेल्या लग्नाहून पुष्कळ सुखाचें होतें. आणि सासरच्यांनींहि हें जाणावें कीं योग्य वेळीं झडप दुरुस्त झालेली स्त्री, डॉक्टरांच्या सल्ल्यानें, संसार व मातृत्व दोन्ही सांभाळूं शकते.

चौथी गोष्ट खर्चाची. पैशाअभावीं शस्त्रक्रिया पुढें ढकलण्यापूर्वीं चौकशी करावी. राज्य सरकारची जी योजना २०१२ सालीं राजीव गांधी जीवनदायी या नांवानें निघाली व पुढें महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना झाली, तिच्यांत झडपांच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे. अठरा वर्षांखालील मुलांसाठीं २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. शाळा व अंगणवाड्यांतून येणाऱ्या त्याच्या डॉक्टरांनीं मुलाच्या छातींत आवाज ऐकूं येतो असें सांगितलें, तर ती चिठ्ठी कपाटांत टाकून ठेवूं नये.

शेवटची गोष्ट शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांची. रोगी बहुधा आठ-दहा दिवसांत घरीं येतो. परंतु तारेनें बांधलेलें छातीचें हाड सांधण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. तोंपर्यंत पाण्याची घागर, धान्याचा डबा, कडेवरचें मूल, यांपैकीं कांहींहि त्याला उचलूं देऊं नये. दांत काढावयाचा असल्यास शस्त्रक्रियेची हकीकत दंतवैद्यास आधीं सांगावी, म्हणजे झडपेस जंतुसंसर्ग होऊं नये म्हणून तो औषध देईल. एकत्र कुटुंबाची थोरवी आपण नेहमीं सांगतों. ती अशा दोन महिन्यांत दिसावयास पाहिजे. घरीं आलेल्या सुनेनें पंधराव्या दिवशीं पोळपाटाशीं बसावें अशी कोणाची अपेक्षा असेल, तर घरच्या वडील बाईनें ती तेथेंच मोडून काढावी.

झरीहून मुंबई जितकी दूर होती तितकीच आजहि आहे. तिथवर शेवटीं जावें लागलें तर जावेंच. परंतु या रोगाचा पुष्कळसा भाग गांवांतच अडवितां येतो. मुलाचा घसा पाहणें, तीन आठवड्यांचें इंजेक्शन न चुकविणें, आणि घरांतलें कोणी पायरीवर थांबलें तर त्यास आळशी म्हणण्यापूर्वीं त्याची छाती तपासून घेणें, एवढें जरी आमच्या वाचकांनीं आपल्या घरीं व शेजारीं चालू केलें, तरी कित्येकांवर शस्त्रक्रियेची पाळीच येणार नाहीं. आणि ज्यांच्यावर ती येईल, त्यांच्यापैकीं अनेकांना आपलीच झडप घेऊन घरीं परततां येईल.